वीस जीवांचा वाघ

“वाघाले वीसच जीव?” पुठ्ठ्याच्या आडोशामागचा माझा कागद भूपेंद्रने वाचला. “अन् माह्या वीराले चाळीस?”

“माहे कागद पाहाचे नसतेत गड्या,” मी पुटपुटलो.

“पाहू दे ना, अश्विनभाऊ,” रुचिका हसली. “वाघ हाये का शेळी, समजन तरी.”

आसगावात हा खेळ आम्हा तिघांनाच ठाऊक. त्या दोघांनी एकेक वीर व्हायचे, कोणता वार किती जीव घेतो ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचे. राक्षस आणि श्वापदे माझ्या हाती. दोन वर्षांनी भूपेंद्र पुन्हा पाटाशी बसला होता. तो जिंकावा, पुढच्या रविवारीही यावा, एवढ्यासाठी मी आठवडाभर वाघाचे बळ खोडून खोडून उतरवले होते.

पहिल्या घावात वाघाचे पाच जीव गेले. पुन्हा फासा पडला. सतरा.

“मेला वाघ!” रुचिका ओरडली.

भूपेंद्र हसला नाही. “दोन घावात? एवढा हलका रायते वाघ? मंग माही माय काहून मेली?”

दोन वर्षांपूर्वी भूपेंद्रची आई, धुरपतामावशी, मोहफुले वेचायला गेली होती. वाकलेले माणूस वाघाला जनावर वाटते. म्हणून बायका वेचतात तेव्हा घरातले कुणीतरी ताठ उभे राहून हाका देत राहते. त्या पहाटे ती पाळी भूपेंद्रची होती. तो माझ्या घरी होता. आदल्या संध्याकाळचा डाव सरत नव्हता, आणि ‘आणखी एकच फासा’ म्हणणारा मी होतो.

मी खोडरबर उचलले. “किती जीव करू?”

“काही नोको करू. वाकल्या माणसाले फासा टाकाले टाइम भेटत नाही.”

त्याने वाघाची सोंगटी पुन्हा पाटाच्या कडेला उभी केली. मधोमध एक चिंचोका ठेवला. “हे माय.” शेजारी आपला वीर.

“मले वाघ नाही माराचा. मी हाका देतो.”

“कवापर्यंत?” मी विचारले.

“टोपलं भरतवरी.”

वाघाची पाळी आली की भूपेंद्र हाक देई, “होऽ... होऽ!” मग मी वाघाचा फासा टाकत नसे.

“कोनाले हाका मारून राहिला रे?” कुंपणापलीकडून मंगलाबाईने विचारले. भूपेंद्रने पुढची हाक दिली.

अकराव्या पाळीला त्याचा आवाज बसला. ओठ हलले, हाक आली नाही. चिंचोका तसाच होता, आणि पाळी वाघाची होती.

फासा माझ्या मुठीत होता. चारचौघांत मी कधी मोठ्याने बोललेलो नाही. मी उठलो, ताठ उभा राहिलो आणि हाक दिली.