घासून काढलेलं पांघरूण

घंगाळाची कडी खणकन वाजली आणि बाळंतिणीच्या खोलीतली शांतता मोडली. ती वाजली, तेव्हाच माझे दिवस भरले.

मित्रांनो, मी नव्या जिवाच्या अंगावरचा पांढरा लेप. लोण्यासारखा मऊ. निजामाच्या राज्यात, गेवराईजवळच्या एका वस्तीवर, शिवकन्येच्या पोटात मी तयार झालो. तिथल्या पाण्यात बाळाची कातडी भिजून जाऊ नये, हे माझं काम. बाहेर आल्यावर त्याची ऊब राखायची, तेही माझंच.

बाळ आठव्या महिन्यातच आलं. पौषातली सकाळ. मूठभर जीव, आणि अंगावर माझ्यावाचून काही नाही.

"बघा की!" सासू चंद्रभागाबाई ओरडल्या. "चोरून दही खाल्लंय हिनं. समदं लेकराच्या अंगावर आलंय."

आमच्याकडे तसंच मानतात. दह्याचं गाडगं तर सासूच्याच शिंक्यात असे. शिवकन्येनं दह्याचं बोटसुद्धा चाटलं नव्हतं. मला ठाऊक आहे, मी तिच्या पोटातच होतो. पण मला कोण विचारतो?

"आत्याबाई, थंडी लई हाय. नुसतं पुसा," शिवकन्या म्हणाली.

सुईण बायनाबाईचा हात थांबला. "लेकरू लई बारीक हाय, वैनी. राहू द्यावं का?"

"उद्या बाया बघाया येतील. आमची सून दही चोरती म्हणून सांगू व्हय? घास!"

डाळीच्या पिठानं बायनाबाईनं मला घासलं. दार सताड उघडं. बाळ आधी रडलं, मग रडेना. "कसं लख्ख झालं!" सासू म्हणाल्या. मी मोरीतून वाहून गेलो. काखेच्या घडीत चिमूटभर उरलो. तेवढ्यानं काय झाकणार?

तिसऱ्या दिवशी आईच्या मांडीवरच बाळ गार पडलं. बघायला आलेल्या बाया दारातच कुजबुजल्या, "दही बाधलं."

मित्रांनो, मी मळ नव्हे. तुमच्या घरी बाळ आलं, तर मला घासू नका. ओल तेवढी टिपा, बाळ आईच्या अंगाशी द्या. माझं मी जिरून जाईन.

थोरली लेक तुळजा, उन्हाळ्यात नऊ महिने भरून जन्मलेली, आता पाच वर्षांची, आईला येऊन टेकली. बाळाच्या गालाला तिनं बोट लावलं.

"आई, मला बी असंच घासलं व्हतं?"

"व्हय."

"मंग मी कशी जगले?"