ताईचे छत्तीस फोटो

चष्मेवाल्याच्या घरातलं न्हाणीघर आठवड्याचे सहा दिवस न्हाणीघरच असे. रविवारी दुपारी मात्र त्याच्या खिडकीवर काळं कापड चढे, दाराच्या फटीत जुना टॉवेल कोंबला जाई आणि बादल्यांच्या जागी रसायनांच्या बाटल्या येऊन बसत. चष्मेवाल्याची थोरली बहीण, म्हणजे ताई, त्या दिवशी भल्या सकाळी अंघोळ उरकून घेई. फोटोंना न्हाऊ घालायचं म्हणून माणसांनी पारोसं राहायचं की काय, असं ती एकदा म्हणाली होती. त्यानंतर तिने तो विषय सोडून दिला, कारण चोपन्न वर्षांच्या भावाला एखादा नाद लागला तर तो सोडवायला जाऊ नये एवढं तिला कळत होतं.

या नादात तिघं होती. स्वतः चष्मेवाला, कोपऱ्यावरच्या बेकरीचा मालक आणि वाचनालयातल्या ग्रंथपालबाई. आपल्या टोळीला ती ‘काळोख मंडळ’ म्हणत. जग खिशातला मोबाइल काढून दिवसाला शंभर फोटो काढतं, आणि ही मंडळी आख्खा रविवार घालवून छत्तीस काढत. त्यातले चार हललेले, सहांत कुणाचं तरी बोट, आणि एक चांगला निघाला की तिघं घरात लग्न असल्यासारखी खूश. त्यांचा एक कडक नियम होता. फिल्मचा कॅमेरा हातात घेतला की मोबाइल बिस्किटांच्या डब्यात बंद. सोबत मोबाइल असला की माणूस आळशी होतो, नीट बघत नाही, असं चष्मेवाल्याचं म्हणणं. या मंडळात गुरू तोच, आणि तो गुरुपदाचा पुरेपूर उपभोग घेई. बेकरीवाल्याने एकदा रोल न गुंडाळताच कॅमेऱ्याचं मागचं दार उघडलं होतं, तर चष्मेवाल्याने त्याला दोन महिने ते ऐकवलं. नाकाने कांदे सोलणाऱ्यांचं असंच असतं. डोळ्यांत पाणी यायची वेळ त्यांच्यावर उशिरा येते, पण येते.

ताई सत्तरीची. आई गेली तेव्हा चष्मेवाला सहा वर्षांचा होता. त्याला हिनेच वाढवलं. दोघांचीही लग्नं झाली नाहीत. त्याचं त्याने आळसापायी जमू दिलं नाही आणि तिचं कोडापायी जमलं नाही. एकोणिसाव्या वर्षी तिच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात पांढरा डाग उमटला आणि पुढच्या दोन वर्षांत गालावरून कानापर्यंत पसरला. त्यानंतर घरात फोटो काढायची वेळ आली की कुणीतरी म्हणे, ‘तू कॅमेरा धर ना, तुझा हात स्थिर आहे.’ हात स्थिर होता हे खरंच. त्यामुळे घरच्या अल्बममध्ये सगळे नातेवाईक आहेत, शेजारचं मांजरसुद्धा आहे, ताई मात्र कुठेच नाही. भावाने नंतर कितीदा तरी विचारलं, पण तिने दरवेळी मान फिरवली. हिचा चेहरा आपल्याजवळ राहणार नाही, ही भीती त्याला अलीकडे फार वाटू लागली होती. कुणाजवळ बोलत नसे इतकंच.

मग ताईने दुकान बंद करायचं ठरवलं. दोन गल्ल्या सोडून तिचं शिवणकामाचं दुकान होतं, बेचाळीस वर्षं चाललेलं. डोळे थकले, मशीन विकल्या, शनिवारी शेवटचा दिवस. त्या आठवड्यात जेवताना ती सहज म्हणाली, “शनिवारी दुकानात माझे फोटो काढ. एकदाच बसेन. परत परत सांगू नकोस.”

चष्मेवाल्याचा घास हातातच राहिला. का, कशाला, हे त्याने विचारलंच नाही. विचारलं तर ती बेत बदलेल अशी धास्ती होती. त्याचं डोकं भलतीकडेच पळालं. ताई सुंदर दिसली पाहिजे, एवढंच त्याने मनावर घेतलं. कृष्णधवल फिल्मवर त्वचेचे डाग उठून दिसतात, पण भिंगापुढे लाल काच लावली की ते फिके पडतात, जवळजवळ पुसले जातात, हे त्याला ठाऊक होतं. त्याने शुक्रवारी लाल काच शोधून, पुसून ठेवली. उजेड वळवायला पांढरी चादर धरण्यासाठी ग्रंथपालबाई येणार होत्या, त्यांना त्याने ही युक्ती अभिमानाने सांगितली. ताईंना विचारलंत का, एवढंच त्या म्हणाल्या. त्यात विचारायचं काय, असं याचं उत्तर.

शनिवारी सकाळी चष्मेवाला आणि ग्रंथपालबाई, दोघांचे मोबाइल डब्यात गेले आणि डबा कपाटात. ताई आपल्या मशीनमागे बसली. गळ्यात मापाची टेप, हाताशी कात्री, मागे फळीवर दोऱ्यांची रिळं. ती थेट भिंगाकडे बघत होती, याचं चष्मेवाल्याला नवल वाटलं. त्याने कॅमेऱ्यावर लाल काच चढवली तेव्हा तिने एकदा त्या काचेकडे पाहिलं. मग तिसऱ्या-चौथ्या फोटोच्या सुमारास ती काहीतरी बोलणार असं वाटलं, पण तिने ओठ मिटले आणि दोन तास न कंटाळता बसून राहिली. इकडे बघ म्हटलं की बघितलं, कापड हातात घे म्हटलं की घेतलं. छत्तीस आकडा झाला तेव्हा चष्मेवाल्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. संध्याकाळी माणसं येऊन मशीन घेऊन गेली, फळ्या उतरवल्या, आणि ताईने किल्ली जागेच्या मालकाला देऊन टाकली.

रविवारी मंडळ जमलं. चष्मेवाल्याने कुणाला हात लावू दिला नाही. अंधारात रोल स्वतः चकलीसारख्या चक्रावर गुंडाळला, डब्यात घातला, डेव्हलपर ओतला, घड्याळ लावून डबा हलवला, मग फिक्सर, मग पाणी. शेवटी दिवा लावून त्याने फिल्म बाहेर ओढली आणि उजेडासमोर धरली.

सुरुवातीचा वीतभर तुकडा काळा होता. पुढे टोकापर्यंत फिल्म काचेसारखी स्वच्छ. एक चेहरा नाही, एक रीळ नाही, काहीच नाही.

मग बेकरीवाला, ज्याला सूड उगवायची नामी संधी होती, तो भला माणूस म्हणाला की डेव्हलपर शिळा झाला असणार, गेल्या महिन्यातलाच होता ना. ग्रंथपालबाईंनी फिल्म जवळ घेतली. तिच्या काठावर कारखान्यातून आलेले बारीक आकडे असतात, ते स्पष्ट उमटले होते. म्हणजे रसायनात खोट नव्हती. फिल्मवर उजेड पडलाच नव्हता.

चष्मेवाल्याला मग हळूहळू सगळं कळत गेलं. रोलची जीभ, म्हणजे फिल्मचं पुढचं टोक, कॅमेऱ्यातल्या चकरीच्या खाचेत अडकलीच नव्हती. शनिवारी सकाळी आनंदाच्या भरात त्याने ती नुसती टेकवली आणि दार लावलं. तो खटका ओढत राहिला, आकडा पुढे सरकत राहिला, आणि फिल्म आत डबीत निवांत झोपून राहिली. कॅमेऱ्याच्या डोक्यावर डावीकडे एक घुंडी असते. फिल्म सरकली की ती आपोआप फिरते. नवशिक्याला पहिल्या दिवशी हेच सांगतात, घुंडीकडे लक्ष ठेव. हे त्याने स्वतः किती जणांना सांगितलं होतं. काल त्याचं लक्ष ताईवर होतं, आणि शेवटी रोल गुंडाळताना हाताला ओढ लागली नाही, तेही त्याला आता आठवत होतं.

बेकरीवाला हळूच म्हणाला, शिळ्या डेव्हलपरचं नाव सांगा, त्यांना कुठे कळणार आहे. चष्मेवाल्याला मोह झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. चूक आपली नाही म्हटलं की निम्मं ओझं उतरतं. पण उरलेल्या निम्म्याचं काय करणार? ती एकदाच बसणार होती, आणि ते एकदाच त्याने घालवलं होतं. दुकानही आता नव्हतं.

दोघं गेल्यावर तो ओली फिल्म हातात घेऊन स्वयंपाकघरात गेला. ताई खिडकीपाशी बसून शेंगा सोलत होती. त्याने उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की रोल कोरा निघाला, रसायनाचा दोष नाही, मी फिल्म नीट अडकवली नाही. सांगताना त्याचा आवाज फुटला, आणि चोपन्नाव्या वर्षी बहिणीसमोर रडायला येतंय याची त्याला लाजही वाटली नाही.

ताईने शेंगांचं ताट बाजूला केलं.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “घुंडी फिरत नव्हती. तिसऱ्या फोटोलाच दिसलं. हा कॅमेरा तुझ्या हातात यायच्या आधी तीस वर्षं मीच वापरत होते, बाब्या.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलणार होते. पण म्हटलं, नाही निघाला तर बरंच.”

तिने सांगितलं ते चष्मेवाल्याने उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. तो चार वर्षांचा असताना तिच्यासाठी एक स्थळ आलं होतं, आणि वडिलांनी तिला स्टुडिओत नेऊन फोटो काढवला होता. फोटोग्राफर हुशार होता. त्याने लाल काच लावली. फोटो इतका सुंदर आला की वडिलांनी कौतुकाने दहा प्रती काढल्या. तो फोटो पाहून माणसं आली, आणि तिला पाहून गेली. आमची फसवणूक झाली, असं ती माणसं पायरीवर उभी राहून शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलली. त्या दिवशी तिने सगळ्या प्रती चुलीत घातल्या. तिला कोडाची लाज त्या दिवसाआधी इतकी वाटत नव्हती.

“काल तू ती काच चढवलीस तेव्हा मला तो स्टुडिओ आठवला,” ती म्हणाली. “मी तुला माझा फोटो काढायला सांगितलं होतं. या तोंडाने मी बेचाळीस वर्षं दुकान चालवलं. एकाही गिऱ्हाइकाने मान फिरवली नाही. वाटलं, त्या तोंडाचा एक तरी फोटो असावा. तू तेच पुसायला निघालास.”

चष्मेवाला खाली बसला. मला वाटलं तुला बरं वाटेल, असं काहीतरी पुटपुटला, आणि ते खरं असूनही किती तोकडं आहे हे त्याचं त्यालाच ऐकू आलं. वडिलांनीही प्रेमापोटीच केलं असणार. त्याने माफी मागितली. ताईने ती ‘असू दे’ न म्हणता घेतली, त्यामुळे ती मागणं जास्तच जड गेलं.

थोड्या वेळाने ताईने विचारलं, घरात दुसरा रोल आहे का.

रोल होता. त्याने कॅमेरा आणला आणि लाल काच काढून टाकली. फिल्मची जीभ खाचेत घातली, दोनदा ओढून पाहिली आणि घुंडी फिरते का ते डोळे बारीक करून तपासलं. खिडकीतून दुपारचा उतरता उजेड येत होता आणि तो ताईच्या डाव्या बाजूवर पडत होता. तिने उजवीकडे सरकायला नकार दिला.

चष्मेवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला. भिंगातून ताईचा गाल जवळ आला. पांढरा डाग ओठापासून सुरू होऊन कानाशी कसा दुभंगतो, त्याच्या कडेला ते बारीक तपकिरी ठिपके कुठे कुठे आहेत, हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. दिवसभर लोकांच्या चेहऱ्यांवर चष्मे बेतणारा हा माणूस, ज्या चेहऱ्याने त्याला वाढवलं त्याच्या या अर्ध्या भागावरून पन्नास वर्षं नजर घसरवत आला होता. आपण मान फिरवली नाही असं त्याला आजवर वाटत होतं. फिरवली होती, फक्त इतकी थोडी, की त्याला स्वतःलाही कळली नव्हती.

त्याचे डोळे पुन्हा भरले आणि समोरचं सगळं पुसट झालं. त्याने कॅमेरा खाली घेतला, बाहीने डोळे कोरडे केले आणि पुन्हा वर उचलला.

“घाई करू नकोस,” ताई म्हणाली. “मी बसलेय. नीट बघ आणि मग काढ.”