बाईंनी माझ्यावर चादर टाकली

मित्रांनो, नृत्यवर्गाच्या लांब भिंतीवर गेली एकवीस वर्षे टांगलेला मी एक जुना आरसा आहे. कारखान्यात माझ्या काचेच्या पाठीवर चकचकीत लेप चढला, सुताराने लाकडी चौकट बसवली आणि मी इथे आलो. मधे एकदा भिंतीला रंग देताना मला उतरवून पुन्हा टांगले, एवढाच काय तो माझा प्रवास. ‘आरशात बघ’ हे वाक्य दिवसातून दहादा कानी पडायचे. त्यामुळे माझ्या डोक्यात थोडी हवा गेली होती, हे कबूल करतो.

वर्गात एक मुलगी होती. गिरक्यांच्या वेडामुळे सगळ्या तिला भिंगरी म्हणत. पण तिसऱ्या गिरकीला तिचा तोल डावीकडे जायचा. त्यामुळेच गेल्या वर्षी मोठ्या नृत्यपथकात तिची निवड हुकली होती. यंदाची निवड पंधरा दिवसांवर आली होती आणि वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी होती. ती माझ्या चौकटीच्या कडेशी अंग जुळवून उभी राहायची, गिरकी घ्यायची आणि पडायची.

एके सकाळी नृत्य शिकवणाऱ्या बाईंनी माझ्यावर जुनी चादर टाकली. मला राग आला.

“डोळे मीट,” बाई तिला म्हणाल्या. “वजन कुठल्या तळव्यावर आहे?”

“दोन्हींवर सारखंच.”

“घाई नको. श्वास घे, मग सांग.”

तिने लांब श्वास घेतला. “डाव्यावर जास्त आहे, बाई. आणि उजवा खांदा उचललाय मी. कशाला, देव जाणे.”

“मुद्दाम सरळ करू नकोस. नुसतं लक्ष ठेव.”

दहा दिवस असेच चालले. मी चादरीआडून फक्त पावले ऐकत होतो. तिसऱ्या गिरकीला धप्पकन आवाज यायचा. नवव्या दिवशी तो आला नाही.

चादर काढल्यावर भिंगरी माझ्यासमोर उभी राहिली आणि गोंधळली.

“बाई, मी सरळ आहे. आरसा वाकडा आहे.”

“नाचता येईना, अंगण वाकडं,” मागून एक मैत्रीण म्हणाली. सगळ्या हसल्या.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी दोरीला किल्ली बांधून माझ्या कडेशी धरली. दोरी सरळ खाली आली, माझी कड मात्र डावीकडे दोन बोटे कललेली निघाली. रंगकामानंतर माझा एक खिळा खाली ठोकला गेला होता. तेव्हापासून मुली माझ्या कडेशी अंग जुळवून सरळ उभे राहायला शिकत होत्या. बाईंचा हात नकळत स्वतःच्याच उजव्या खांद्यावर गेला; तोही किंचित उचललेला होता.

निवडीच्या मंचावर आरसा नव्हता. भिंगरीने तिथे तिन्ही गिरक्या घेतल्या आणि तिची निवड झाली. बाईंचा निरोप घ्यायला ती आली, तेव्हा तिने फडक्याने मला नीट पुसले, पण माझ्यात पाहिले नाही. मला वाईट वाटले.

मित्रांनो, माझी काच पुसत जा, वर्षातून एकदा माझे खिळे तपासा. आणि अधूनमधून माझ्यावर चादर टाकत जा. आता मी रागावणार नाही.