टपरीवर ठरलेली कापणी

दिपमालाच्या पत्राला उत्तर दिलं नाही, ही गोष्ट अभिमन आबांना दिवसातून एकदा तरी टोचायची. तसं ते ई-मेलच होतं. पण धुळ्याच्या त्या पोरीने 'ती. आबांस' असा मायना घालून, नीट परिच्छेद पाडून लिहिलेलं, म्हणून आबा त्याला पत्रच म्हणत. मागणी एवढीच होती: "मीटिंग संपल्यावर तुम्ही सगळे चहाला जाता. तिथे जे ठरतं ते मला कळत नाही. कुणीतरी ते ग्रुपवर टाकत जा, एवढं भाऊंच्या कानावर घाला."

आबांनी उत्तर लिहायला घेतलं होतं. 'तुझे म्हणणे रास्त आहे' असं लिहिलं. 'रास्त' जड वाटलं म्हणून 'योग्य' केलं. मग वाटलं, योग्य-अयोग्य ठरवणारे आपण कोण? मसुदा तसाच पडून राहिला. एवढी पुस्तकं वाचून चार ओळी धड लिहिता येऊ नयेत, या लाजेने ते पुन्हा तिकडे फिरकले नाहीत.

जळगावच्या त्या केळी निर्यात करणाऱ्या कंपनीत आबा पत्रव्यवहार बघत आणि दिपमाला कापणीचं वेळापत्रक. लग्न होऊन ती धुळ्याला गेली तेव्हा मालक रुपचंदभाऊंनीच तिला घरून काम कर म्हणून सांगितलं. लॅपटॉप दिला, सगळ्यांना आपापल्या जागी दिसेल असा तक्ता ऑनलाइन करून घेतला, मीटिंगच्या खोलीत मोठा पडदा लावला. सामान सगळं होतं. फक्त पडद्याकडे कोणी बघत नसे.

सोमवारी भाऊ विचारत, "बठ्ठा शेतस ना?" सगळे आहेत ना, याचं उत्तर यायच्या आत ते सुरू करत. दिपमालाच्या चौकटीत पिवळा हात वर झालेला असे. आबांना तो दिसे. 'भाऊ, दिपमालाला काही बोलायचंय' हे वाक्य ते मनात जुळवत, तोवर भाऊ उठलेले असत. मग सगळे नूर महंमदच्या टपरीवर. खोलीत मान हलवणारी माणसं तिथे बोलकी होत आणि खरं काय ते तिथेच ठरे.

मागच्या सोमवारी तेच झालं. चोपड्याच्या जीवराम पाटलांच्या मळ्यातली कापणी मीटिंगमध्ये बुधवारची ठरली. टपरीवर कंपनीच्या गाड्यांचं काम बघणारा ललित चहा फुंकत म्हणाला, "भाऊ, कंटेनर गुरुवारी मिळतोय."

"मग गुरुवारी कापा."

सगळ्यांनी माना डोलावल्या, आबांनीही. तक्त्यात बुधवारच राहिला. दिपमालाने त्याप्रमाणे मजुरांची टोळी मळ्यात धाडली. घड कापून झाले आणि कंटेनरचा पत्ता नाही. माल उन्हात तापला. परदेशी जाणारी केळी गावोगावच्या हातगाड्यांवर गेली. जीवराम पाटील फोनवर जे बोलले, त्याला स्पीकर लावायची गरज पडली नाही.

आज मीटिंग आटोपून टपरीवर आल्या आल्या भाऊ म्हणाले, "आबा, दिपमालाला पत्र टाका. एक तारखेपासून रोज जळगावला यायचं, नाहीतर दुसरीकडे बघायचं. घरी बसून असली कामं होत नाहीत."

"धुळ्याहून रोज? तिची लेक अजून चालायलाही लागली नाही."

"एसटी बंद पडली का?"

ललित हसला. "नेट जात असेल तिचं. बघावं तेव्हा हात वर करून बसलेली."

"नेट गेलं की हात वर होत नाही," आबा म्हणाले, पण पुटपुटल्यासारखं.

"आबा, जरा जोरात," नूर महंमद म्हणाला. "स्टोव्ह चालू आहे."

आबांचे कान तापले. "भाऊ, गुरुवारचं इथे ठरलं. तिला कुणी सांगितलं?"

"सगळे तर होतो इथे."

"ती नव्हती."

"म्हणून तर म्हणतो, इथे ये."

चिडून बोलण्याची आबांना सवय नव्हती. ते मनात वाक्य जुळवू लागले. तेवढ्यात भाऊ ललितकडे वळले. "बरं, रावेरची कापणी शुक्रवारी नको, शनिवारी घे."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

आबांची मान हलली नाही. ग्लास बाकावर ठेवून त्यांनी फोन काढला. जुना मसुदा शोधला नाही. कंपनीचा ग्रुप उघडला आणि उभ्या उभ्या लिहिलं:

"दिपमाला, तुझं पत्र मिळालं होतं. तुझं बरोबर आहे. पाटलांची कापणी गुरुवारवर टाकायचं नूरभाईंच्या टपरीवर ठरलं आणि तुला कुणीच कळवलं नाही, मीही नाही. रावेरची आत्ताच शनिवारवर गेली आहे, तक्ता बदल. भाऊ, तुम्ही सांगितलेलं पत्र मी लिहिणार नाही. जे इथे लिहिलं नाही ते ठरलं असं धरू नये."

'धरू नये' फार हुकमी वाटलं. 'धरू नये, ही विनंती' करावं का, म्हणून अंगठा थबकला. मग भाऊंचा पुढचा प्रश्न यायच्या आत आबांनी ते तसंच पाठवून दिलं. ललितचा फोन वाजला, मागोमाग बाकावरचे बाकीचे, आणि शेवटी भाऊंनी ग्लास डाव्या हातात घेऊन खिशात हात घातला.