अपुऱ्या पत्त्याची पाकिटं

१९६८ साल. त्या वर्षी उन्हाळ्यात सासूबाई गेल्या आणि दोनच महिन्यांनी सासरे, म्हणजे आप्पा, टपाल कचेरीतून निवृत्त झाले. चौतीस वर्षं त्यांनी पत्रं निवडली होती. भिंतीएवढं लाकडी कपाट, त्याला दीडशे खण, आणि आप्पा पाकिटाकडे ओझरतं बघून ते नेमक्या खणात भिरकावत. नवी नवरी असताना सून एकदा त्यांचा डबा घेऊन गेली होती, ती बघतच राहिली. डिंकाचा वास, शिक्क्यांची धपाधप आणि त्या सगळ्याच्या मधोमध आपले सासरे!

असा माणूस घरी बसला, तेव्हा सुनेने त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपलं. चहा हातात, मोजे पायाशी. चष्मा तेवढा नाकावर चढवायचा बाकी.

"बसा आप्पा, मी आहे ना."

आप्पा बसले. असे बसले, की सहा महिन्यांत दिवसातून चारदा 'आज वार कोणता?' विचारू लागले. एकदा काडेपेटी आणायला गेले आणि आपल्याच गल्लीच्या तोंडाशी, आता डावीकडे की उजवीकडे, हे न कळून उभे राहिले. वाण्याने हाताला धरून घरी आणलं. त्याच संध्याकाळी तिच्या नवऱ्याने दाराला उंचावर, आप्पांचा हात पोचणार नाही अशी कडी ठोकली.

"हरवले म्हणजे कुठे शोधायचं?" तो म्हणाला.

आठवड्याभराने पोस्टमन आला. आप्पांच्याच हाताखाली तयार झालेला, लांब टांगांचा, बडबड्या.

"साहेब, ह्या पाकिटाने माझा जीव खाल्लाय. वर लिहिलंय 'जिन्याखालचे काका'. बस्स! गावात जिने काय थोडे आहेत?"

आप्पांनी पाकीट उजेडात धरलं. "जिन्याखाली दोघं बसतात. एक कुलपं दुरुस्त करतो, दुसरा चपला शिवतो. हे चपलावाल्याचं. त्याच्या बहिणीचं अक्षर आहे. अजून रेघ सोडून वर चढते ती."

सून ओट्यापाशी थबकली. काल रात्री काय जेवलो ते न आठवणारा माणूस हा!

मग पोस्टमन अशी पाकिटं घेऊन रोज अकराला येऊ लागला. आप्पा दहालाच दाढी करून तयार. "आज उशीर केलास. वाटेत घरजावई झालास की काय?" असं म्हणण्याइतके खुलले. वार विचारणं बंद झालं. एक दिवस तर सगळ्या घराचे मोजे काढून त्यांनी जोड्या लावल्या आणि सुनेला सुनावलं, "तुझ्या कपाटात काही रीतच नाही, सूनबाई."

दोन महिन्यांनी एक पाकीट आलं: 'पिवळ्या दाराच्या बाई, विहिरीजवळ.' आप्पांनी ते उलटंसुलटं केलं, बराच वेळ बोटांत धरलं.

"हे जाऊन बघावं लागेल," ते म्हणाले आणि आत चपला शोधायला गेले.

सुनेने पोस्टमनला दाराबाहेर गाठलं. "खरं सांगा भाऊजी, हे कुणी लिहिलंय?"

त्याने कान पकडले. "वहिनी, खरी पत्रं संपली हो. त्यांचा चेहरा बघून हात हलवत यायचं जिवावर आलं. पिवळं दार कुठे आहे मलाही ठाऊक नाही."

आणि आप्पा चपला घालून कडीखाली उभे. खरं सांगावं, तर म्हाताऱ्याची फजिती. सोडावं, तर ते नसलेल्या घराच्या शोधात कुठे भरकटतील कोण जाणे. नवरा तोंड सोडेल ते वेगळंच. तिने स्टूल ओढलं, वर चढली आणि कडी काढली.

"मी येऊ बरोबर?"

"टपालाला दोन माणसं लागत नाहीत."

एक तास गेला. दुसरा गेला. दूध उतू गेलं, ते पुसायचंही तिला सुचेना. अडीच तासांनी आप्पा आले. पायांवर गुडघाभर धूळ, हातात पाकीट नाही.

"दिलं. दार आता हिरवं आहे. जुना पिवळा रंग बिजागरीपाशी दिसतो. शिवणकाम करतात बाई. एकट्याच असतात. बसवून पाणी दिलं, तासभर बोलल्या."

"आणि पत्र?"

"आत कोरा कागद. त्याला म्हणावं, लबाडी करायची तर दोन ओळी तरी लिहीत जा. आणि तिकिटावर शिक्का मारायला विसरलास, गाढवा."

"म्हणजे तुम्हाला आधीच कळलं होतं? मग गेलात कशाला?"

"तू कडी काढलीस म्हणून," आप्पा म्हणाले आणि स्वतःच तांब्या घेऊन पाय धुवायला गेले.

संध्याकाळी नवऱ्याने आकाशपाताळ एक केलं. तीन दिवस तो बायकोशी बोलला नाही. चौथ्या दिवशी वाटेत त्याला आप्पा दिसले, शिवणवाल्या बाईंच्या ओट्यावर, कुणाची तरी टवाळी करत हसताना. आई गेल्यापासून त्याने ते हसू ऐकलं नव्हतं. घरी येऊन त्याने मुकाट्याने पेचकस शोधला आणि दाराची ती उंच कडी उतरवली.

आप्पा पुढे अकरा वर्षं जगले. शेवटच्या दोन वर्षांत नातवंडांची नावं विसरत, पण कुठलं पोर कुठल्या घरी खेळायला गेलंय ते बिनचूक सांगत. पोस्टमन कचेरीत आप्पांच्याच कपाटापुढे पत्रं निवडायला लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. शिवणवाल्या बाईंनी आप्पांकडून आपल्या भावाला पत्र लिहवून घेतलं, एकवीस वर्षांचा अबोला सुटला, आणि म्हातारपणी त्या त्याच्याकडे राहायला गेल्या. नवरा निवृत्त झाला तेव्हा बायकोने त्याला एक दिवसही आरामखुर्चीत टिकू दिलं नाही. रोज काही ना काही कामाला तो कुरकुरत जायचा, पण चालत जायचा. सून आता त्र्याऐंशीची आहे, लेकाकडे तिसऱ्या मजल्यावर राहते. गुडघे बोलतात, तरी इमारतीतल्या प्रत्येक घराशी तिचं काही ना काही काम निघतंच.