रखवालदाराने खून केलेला नाही

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे आणि माझ्या पोटात एक खून आहे. छत्र्या, वर्गातले फळे, भिंतीवरची घड्याळं आत्मवृत्त सांगायला बसली की शेवटी मन मोकळं करून टाकतात. मी करणार नाही. खुनी कोण, हे विचारू नका. बाकी सगळं सांगते.

माझा जन्म छापखान्यात झाला, तोही घाईघाईत. जाडजूड ग्रंथांच्या पाठीला दोऱ्याची शिवण मिळते. आम्हा स्वस्त रहस्यकथांच्या पाठीला नुसता गोंद. मुखपृष्ठावर एक रिकामा पोहण्याचा तलाव आणि त्याच्या काठावर एकच चप्पल. आत पाच मैत्रिणी. मध्यावर येईपर्यंत त्या चार उरतात. तलावावर पोहायला शिकवणारी एक बाई आहे. शिवाय एक रखवालदार आहे आणि तो सारखे हात धुतो. माझा पहिला अर्धा भाग वाचून प्रत्येकजण छातीठोकपणे सांगतो, "हाच तो!" माझं सगळं आयुष्य या छातीठोक माणसांच्या फजितीवर चाललं आहे.

शाळेच्या ग्रंथालयात मला चांगल्या सवयींवरच्या एका ग्रंथाशेजारी जागा मिळाली. त्याच्या पानांच्या कडा इतक्या स्वच्छ होत्या, की चांगल्या सवयी फक्त त्यालाच लागल्या असाव्यात. माझ्यावर मात्र चहाचे डाग, तेलकट बोटं आणि एका हळव्या वाचकाच्या नाकातलं पाणी. मला रांग असायची. आणि मुलांमध्ये एक न लिहिलेला कायदा होता: माझा शेवट जो फोडेल, त्याच्याशी वर्गातलं कोणी बोलणार नाही. एवढ्या वर्षांत हा कायदा एकदाही मोडला नाही. शाळेच्या इतर नियमांबद्दल असं म्हणता यायचं नाही.

नववीतल्या दोघींनी मला एकदम मागितलं. एकीला सगळे टाचणी म्हणत: किडकिडीत, चपळ, बोलणं टोचणारं. दुसरी उशी. ती हळू चालायची, हळू जेवायची, आणि वाचायची तर इतकं हळू की पानाला आपण कोणाला तरी आवडतो आहोत असं वाटायचं. ग्रंथालय ही तिची हक्काची जागा होती, कारण तिथे "आटप गं" म्हणणारं कोणी नव्हतं.

माझी नोंद उशीच्या कार्डावर झाली. प्रयोगशाळेमागच्या पायऱ्यांवर बसून दोघी मला मिळून वाचू लागल्या.

"उलट ना पान!"

"थांब, अजून चप्पल सापडायचीय."

"चप्पल केव्हाच सापडली, बाई! आता पोलीस आलेत!"

असं करत त्या मध्यापर्यंत आल्या, म्हणजे टाचणी आली. उशी मागेच होती. त्यात सुट्टी लागली आणि टाचणी मावशीकडे निघाली. मग टाचणीला कल्पना सुचली. उशीने मला उघडं धरलं आणि टाचणीने स्टीलची पट्टी माझ्या पाठीत घातली. गोंदच तो, काय टिकणार? पहिला भाग उशीच्या घरी गेला, दुसरा टाचणीबरोबर मावशीकडे. माझ्यात एक खून आहे हे सांगितलंच. माझा स्वतःचा झाला तो हा. त्यातून एक फायदा झाला. तेव्हापासून मी एकाच वेळी दोन घरांतल्या गोष्टी ऐकू लागले.

सुट्टी संपली. टाचणी खुनी ओळखून परत आली. शिवाय तिच्या छातीवर ग्रंथालय प्रतिनिधीचा नवा कोरा बिल्ला लागला. बिल्ला लागला की माणसाचा आवाज एक पट्टी वर चढतो. व्हरांड्यात चार मुलींसमोर ती म्हणाली, "अगं, ही अजून पहिल्या भागातच आहे! हिचं सगळंच असं. शेवट वाचेपर्यंत हिचं लग्न होईल."

चौघी हसल्या. उशी हसली नाही. "ठेव तुझा शेवट तुझ्यापाशी," एवढंच ती म्हणाली, आणि बोलणं बंद केलं.

त्यानंतर एकीकडे खून होता पण खुनी नव्हता, दुसरीकडे खुनी होता पण खून नव्हता. मी दोन दप्तरांत बसून वाट पाहत होते. कार्डाची मुदत संपल्यावर उशीने पहिला भाग गुपचूप ग्रंथपालबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. बाई काही बोलायच्या आत तो शिस्तीच्या सरांच्या नजरेला पडला.

शिस्तीच्या सरांचा माझ्यावर जुना राग होता. मुलांनी खुनाची पुस्तकं वाचली की मुलं बिघडतात, हे त्यांचं मत ठाम होतं. ठाम राहावं म्हणून त्यांनी असं एकही पुस्तक वाचलं नव्हतं. मेलेला उंदीर शेपटीने धरावा तसं मला धरून ते वर्गात आले. मागोमाग बाई आल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

"कोणी फाडलं?"

"मी," उशी म्हणाली.

"एकटीने?"

"हो."

"दुसरा भाग कुठाय?"

"हरवला."

टाचणी तिसऱ्या बाकावर तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होती. तिच्या दप्तरात मीच होते.

"वर्षभर ग्रंथालयाचं दार बंद होईल तुला, कळतंय ना?" सर म्हणाले. उशीचा चेहरा उतरला. पण तिने टाचणीकडे पाहिलंसुद्धा नाही. सरांना आता तपासाची गोडी लागली होती. "हरवला तो वाचायच्या आधी की नंतर?"

"नंतर. सगळं वाचून झाल्यावर."

"अस्सं! मग सांग बघू, खुनी कोण निघतो?"

उशीने छताकडे पाहिलं. "रखवालदार."

शेवटच्या बाकावर कोणाला तरी खोकला आला. बघता बघता वर्गात खोकल्याची साथ पसरली. मला वाचलेल्या प्रत्येकाला एका शब्दात कळलं होतं, की हिने दुसरा भाग पाहिलेलाही नाही. म्हणजे तो दुसऱ्या कोणाकडे तरी आहे, आणि ही त्या कोणाला तरी वाचवते आहे.

सरांनी मान डोलावली. "बरोबर," ते म्हणाले.

दारातल्या बाईंनी आधी सरांकडे पाहिलं, मग उशीकडे, मग खिडकीबाहेर. खिडकीबाहेर काही नव्हतं.

"साफ चूक!" टाचणी ताडकन उठली. "रखवालदारानं खून केलेला नाही, सर! त्याला उगाच अडकवलंय. आणि हिलापण." तिने दप्तरातून माझा दुसरा भाग काढून बाकावर ठेवला. पाण्याची बाटली गळल्याने तो ओला झाला होता. "फाडायची कल्पना माझी. पट्टी माझी. हिनं नुसतं पुस्तक धरलं होतं."

"घट्ट धरलं होतं," उशी म्हणाली. आपल्या वाट्याचा गुन्हा ती सोडायला तयार नव्हती.

"म्हणजे रखवालदार नाही?" सरांच्या तोंडून निसटलं. "मग कोण?"

सर्वांत वात्रट पोरंसुद्धा मूग गिळून बसली.

"पण सर," बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही 'बरोबर' म्हणालात ना?"

शिक्षा झालीच. बिल्ला गेला, दोघींची कार्डं वर्षभरासाठी बंद झाली. माझाही निकाल लागायचा होता. पण पुस्तक रद्द करण्याआधी वाचून अभिप्राय द्यावा लागतो, याची बाईंनी आठवण करून दिली. सर पहिला भाग घरी घेऊन गेले. तो वाचून ते वेळेआधीच परत आले आणि दुसऱ्याची चौकशी करू लागले.

"वाळत घातलाय," बाई म्हणाल्या. "दोन-चार दिवस थांबा."

थांबणं म्हणजे उत्सुकता कबूल करणं. सरांनी तिथल्या तिथे शेरा मारला: "विद्यार्थ्यांस अयोग्य. शिवाय अपूर्ण." माझ्या पहिल्या पानावर 'रद्द' असा जांभळा शिक्का बसला आणि मी रद्दीच्या ढिगाऱ्यात पडले. दुसरा भाग वाळल्यावर तोही तिथेच आला.

तिथून मला त्या दोघींनी उचललं. रद्द पुस्तकाला कार्ड लागत नाही, हे टाचणीच्या ध्यानात आलं. बाईंना विचारलं तर त्या पुन्हा खिडकीबाहेर बघू लागल्या. दोघींनी जुन्या चादरीची चिंधी आणि घरी शिजवलेली खळ घेऊन माझी पाठ जोडली. जोड वाकडा आहे. दुसरा भाग पाण्याने फुगलाय, तो बाहेर डोकावतो. मला बरं वाटतं तसं.

मित्रांनो, या ठिकाणी पुस्तकाने हात जोडून विनवायचं असतं, की आम्हाला जपा, कव्हर घाला, पानं दुमडू नका. मी हात जोडणार नाही. चांगल्या सवयींचा तो ग्रंथ अजून कोरा करकरीत कपाटात उभा आहे, त्याला विचारा जपणुकीचं सुख. मला वाचा. भांडून वाचा, डाग पाडा, फाटले तर जोडा. फक्त शेवट फोडू नका, आणि हळू वाचणाऱ्याला हसू नका.

सध्या मी प्रयोगशाळेमागच्या पायऱ्यांवर, उशीच्या मांडीवर आहे. ती दुसरा भाग वाचते आहे. शेजारी टाचणी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून बसली आहे.

काल सर तिथून गेले. पुढे गेले, थांबले, मागे आले.

"हे पुस्तक रद्द झालेलं आहे," ते म्हणाले.

"हो सर," टाचणी म्हणाली. "म्हणून तर आमच्याकडे आहे."

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "ती पोहायला शिकवणारी बाई का गं?"

टाचणीने पुन्हा दोन्ही हातांनी तोंड दाबलं. सरांचा हात हळूच माझ्या दिशेने पुढे आला.

"रांग आहे, सर," टाचणी म्हणाली. "आधी हिचं होऊ दे."

"किती वेळ लागेल?"

टाचणीने उशीकडे पाहिलं. उशीने मान वर केली नाही. एक ओळ ती पुन्हा पहिल्यापासून वाचत होती.

"लागेल तेवढा," टाचणी म्हणाली.