उभ्या खाचा

बटण बंद करून नोरीन बल्ब बदलायला चढली आणि झटका बसून स्टुलावरून थेट खाली आली. तिचा नवरा मर्व्ह धावत आला. छताचा तो नवा दिवा गेल्या रविवारी त्यानंच जोडला होता. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल गावात चाळीस वर्षं वायरमनचं काम केलेला माणूस. लायसन संपलं म्हणून हात थोडेच विसरतात? पण जुन्या वायरींतली लाल कुठली नि काळी कुठली हे आता दिसत नव्हतं, आणि चष्मा लावायची लाज.

दुपारी लेक टॅम्झिन आली. तीही वायरमन, बापाच्याच हाताखाली शिकलेली. बटणाची पाटी उघडताच ती भडकली. "फेज तोडायची सोडून न्यूट्रल तोडलाय! दिवा विझतो, पण होल्डरमध्ये करंट तसाच. कुठल्या गाढवाचं काम हे?"

"जाहिरात बघून बोलावला होता एक," नोरीन कोपर चोळत म्हणाली. "स्वस्तात करतो म्हणाला."

मर्व्हनं चहाचा कप तोंडाला लावला.

"तू असल्या माणसाचं काय केलं असतंस, डॅड?"

"हाकलला असता," तो पुटपुटला.

टॅम्झिननं वायरी बदलल्या, पाटी बसवली, दोन्ही स्क्रू आवळले आणि त्यांच्या खाचा अगदी सरळ उभ्या केल्या. हे मर्व्हचं खूळ. सगळे वायरमन त्यावरून त्याला हसायचे.

"उघडतानाही अशाच उभ्या होत्या," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "गावात असं करणारे आपण दोघंच."